सूतिस्राव व पुनरार्तव

प्रसूतीनंतर गर्भाशयाची पोकळी पूर्ववत होत असताना योनिमार्गे जो स्राव बाहेर पडतो, त्यास ‘सूतिस्राव’ म्हणतात. प्रसूतीनंतर काही काळाने मासिक पाळी पुन्हा सुरू होते, तिला ‘पुनरार्तव’ असे म्हणतात. या दोन्ही घटना निसर्गक्रमातील असून त्या एकमेकींपासून भिन्न आहेत. सूतिस्राव हा भरून येणाऱ्या जखमेचा स्राव असतो, तर आर्तव हे बीजकोशाचे कार्य पुन्हा सुरू झाल्याचे लक्षण असते. या दोहोंपासून वेगळा असा तिसरा प्रकार म्हणजे जंतुसंसर्गामुळे वा गर्भाशयात वारेचा अंश राहिल्यामुळे होणारा रोगजन्य स्राव होय. मराठी बोलीत या तिन्हींसाठी ‘अंगावरून जाणे’ हा एकच शब्दप्रयोग बहुधा वापरला जातो. या तिहींतील भेद ओळखण्याचा इतिहास हा बव्हंशी बाळंतिणींच्या प्राणरक्षणाचाच इतिहास आहे.

स्वरूप : मूल जन्मल्यावर वार सुटून येते, तेव्हा गर्भाशयाच्या आतील भिंतीवर सुमारे तळहाताएवढा भाग उघडा पडतो. तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे मोकळी असतात. गर्भाशयाचे एकमेकांत गुंतलेले स्नायुतंतू आकसून या वाहिन्या आवळल्या जातात व रक्तस्राव आटोक्यात येतो. प्रसूतीच्या वेळी सु. १ किग्रॅ. वजनाचे असलेले गर्भाशय आठवड्याने निम्मे होते व सहा आठवड्यांनी ते ६० ते ८० ग्रॅ. इतकेच उरते. या काळात आतील अस्तराचे अवशेष, रक्त, पांढऱ्या पेशी व श्लेष्मा बाहेर टाकले जातात. पहिले तीन-चार दिवस स्राव लाल असतो. त्यानंतर सु. दहाव्या दिवसापर्यंत तो गुलाबी वा तपकिरी व पातळ होतो आणि पुढे पिवळसर-पांढरा होऊन क्रमाने थांबतो. एकूण स्राव सु. २०० ते ५०० मिलि. भरतो. शस्त्रक्रियेने प्रसूती झालेल्या स्त्रीसही हा स्राव होतोच. निजून उठल्यावर साचलेला स्राव एकदम बाहेर पडतो. स्तनपानाच्या वेळी गर्भाशय आकसत असल्याने पोटात कळ येऊन स्राव थोडा वाढतो. सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास वारेच्या जागेवरील खपली गळून पडते, त्या वेळी काही तास लाल स्राव पुन्हा दिसणे हेही नैसर्गिकच होय.

प्राचीन भारतीय विचार : आयुर्वेदीय संहितांत प्रसूत स्त्रीस ‘सूतिका’ ही संज्ञा असून तिच्या परिचर्येचे तपशीलवार वर्णन आढळते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात दूषित रक्त शुद्ध होईपर्यंत, म्हणजे दोन वा तीन रात्री, पिंपळी, पिंपळमूळ, गजपिंपळी, चित्रक व सुंठ यांचे चूर्ण गुळाच्या ऊन पाण्यातून द्यावे, असे सांगितले आहे. रक्त आत अडून राहिल्याने ओटीपोटात उठणाऱ्या तीव्र वेदनेस तेथे ‘मक्कल’ असे नाव दिलेले आहे. चरकसंहितेत सूतिकेचे पोट मोठ्या स्वच्छ वस्त्राने गुंडाळण्याची सूचना आहे. बाळंतिणीचे पोट बांधण्याच्या महाराष्ट्रातील प्रथेशी तिचे साम्य स्पष्ट आहे. काश्यपसंहितेत सूतिकेच्या रोगांना स्वतंत्र स्थान दिलेले आहे.

सूतिकावस्थेच्या मर्यादेसंबंधी सुश्रुतसंहितेत दोन मते नोंदलेली आहेत. एका मतानुसार दीड महिन्याच्या उपचारानंतर स्त्रीची सूतिका ही संज्ञा संपते, तर दुसऱ्या मतानुसार पुन्हा आर्तव दिसेपर्यंत ती सूतिकाच राहते. पहिली मर्यादा गर्भाशय पूर्ववत होण्याच्या काळाशी, तर दुसरी बीजकोशाच्या कार्याशी जुळते. या दोन घटनांचा काळ एक नसतो, ही गोष्ट निरीक्षणाने तेव्हाच लक्षात आली असावी, असे यावरून दिसते.

पाश्चात्त्य विचार : ग्रीक वैद्यकात हिपॉक्राटीझ यांच्या नावावर मोडणाऱ्या ग्रंथांत मुलगा झाल्यास ३० दिवस व मुलगी झाल्यास ४२ दिवस स्राव चालतो, असे मत मांडलेले आहे. ज्यू धर्मग्रंथांतही शुद्धीचा काळ मुलासाठी एकूण ४० व मुलीसाठी ८० दिवस असा सांगितला आहे. अपत्याच्या लिंगावरून केलेल्या या भेदास शारीरिक आधार नाही. स्राव अडला की तो शरीरात भिनून ज्वर येतो, ही समजूत यूरोपात अठराव्या शतकापर्यंत टिकून होती. वस्तुतः स्राव अडणे वा त्यास दुर्गंधी येणे हे आधी झालेल्या संसर्गाचे लक्षण असू शकते. लक्षणालाच कारण मानल्यामुळे खऱ्या कारणाचा शोध दीर्घकाळ लांबला.

लोकाचार व विटाळ : महाराष्ट्रात अपत्यजन्मानंतर दहा दिवसांचे जननाशौच, म्हणजेच सोयर, पाळण्याची रूढी होती. बाळंतिणीने सव्वा महिना वेगळ्या खोलीत राहावे, असा संकेत अनेक समाजांत होता. शेकशेगडी, ओवा-बाळंतशेपेची धुरी, तेलाचे मर्दन, डिंकाचे व अळिवाचे लाडू, पाचवी-सटवाईचे पूजन हे सर्व या काळाचे घटक होत. सव्वा महिन्याचा संकेत शरीरशास्त्राच्या दृष्टीने सयुक्तिक होता. स्राव थांबण्यास साधारणपणे तितकाच काळ लागतो. कष्टाच्या कामातून सुटका, स्निग्ध आहार व जाणत्या स्त्रीची सोबत हे त्याचे लाभ होत.

तथापि या विश्रांतीचे कारण ‘जखम भरून येणे’ हे नसून ‘विटाळ’ हे मानले गेले आणि त्यातून हानीही झाली. बाळंतिणीची खोली अंधारी व कोंदट असे. स्राव टिपण्यासाठी जुनी, टाकाऊ कापडे दिली जात. ती धुऊन उन्हात सर्वांसमक्ष वाळत घालणे लाजिरवाणे वाटत असल्याने ती आडोशाला, ओलसर जागी वाळवली जात. सूर्यप्रकाशाने जंतू कमी होण्याचा साधा लाभही त्यामुळे मिळत नसे. जी वस्तू अमंगल ती पाहावयाची नाही व तिच्याविषयी बोलावयाचे नाही, या वृत्तीमुळे स्रावाचा रंग, वास व प्रमाण यांत होणारे धोक्याचे बदल दुर्लक्षित राहत. अनुभवी सुईण असे बदल ओळखीत असे. परंतु तिचे ज्ञान लिखित नव्हते, समाजात तिचे स्थान गौण होते आणि हात निर्जंतुक करण्याचे महत्त्व तिला कोणी सांगितलेले नव्हते. ही त्रुटी एकट्या सुईणीची नव्हती. त्या काळी यूरोपातील नामवंत रुग्णालयांतील वैद्यांनाही ते महत्त्व उमगलेले नव्हते.

सूतिकाज्वराचा उलगडा : ॲबर्डीन येथील अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ मध्ये सूतिकाज्वर हा वैद्य व सुइणी यांच्याकरवी एका बाळंतिणीकडून दुसरीकडे पोहोचतो, असे दाखवून दिले. अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्ये हेच प्रतिपादन केले. व्हिएन्ना येथे इग्नाझ झेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली. त्यांच्या प्रसूतिकक्षातील मृत्यूचे प्रमाण त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर होते, ते जूनपासून सु. २ टक्क्यांवर आले. त्याच वर्षी गर्भाशयाच्या कर्करोगाने पीडित स्त्रीची तपासणी करून त्याच हातांनी इतर स्त्रियांची तपासणी झाल्यावर त्यांपैकी बहुतेक जणी दगावल्या. दूषित स्राव हाच संसर्गाचा वाहक होऊ शकतो, हे त्यावरून त्यांच्या ध्यानात आले. लूई पाश्चर यांनी १८७९ मध्ये सूतिकाज्वराच्या रुग्णांच्या स्रावात व रक्तात आढळणाऱ्या साखळीरूप जंतूंकडे लक्ष वेधले. लंडन येथे लेनर्ड कोलब्रुक यांनी १९३६ मध्ये सल्फा वर्गातील औषधाचा उपयोग यशस्वी करून दाखविला. पुढे पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावर या ज्वराची दहशत पुष्कळच ओसरली.

मुंबई व परिसरातील प्रयत्न : आजच्या नवी मुंबईच्या उत्तरेस असलेल्या कल्याण येथे १८६५ मध्ये आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्यांना झालेले अपत्य दहा दिवसांतच दगावले. या घटनेचा त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या निश्चयाशी संबंध जोडला जातो. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ मध्ये त्या पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिविद्या हा होता. प्रत्यक्ष वैद्यकी सुरू करण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

परपुरुष वैद्यासमोर अशा तक्रारी सांगणे त्या काळी स्त्रियांना अशक्यप्राय होते. या अडचणीतूनच मुंबईत स्त्रियांनी चालविलेल्या रुग्णालयाची कल्पना पुढे आली. १८८३ मध्ये एडिथ पीची या इंग्लंडहून मुंबईस आल्या व १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले. सुइणींना शिक्षण देण्यासाठी १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्ती निधी स्थापन झाला. १९२६ मध्ये परळ येथे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह सुरू झाले. त्याचा लाभ विशेषतः गिरणी कामगार स्त्रियांना झाला.

कामा रुग्णालयाच्या पहिल्या भारतीय प्रमुख डॉ. जेरुशा झिराड या बेने इझ्राएल समाजातील होत. कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या वसलेला हा समाज मराठी भाषिक आहे. झिराड यांनी मुंबई शहरातील मातामृत्यूंच्या कारणांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतिणीचा मृत्यू हा दैवाचा भाग न मानता त्याचे कारण शोधून नोंदविणे, ही या पाहणीमागील दृष्टी महत्त्वाची होती. याच सुमारास रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या समाजस्वास्थ्य या मासिकाने (१९२७–५३) शरीरधर्माविषयी मराठीत उघडपणे लिहिण्याचा पायंडा पाडला. त्यासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले व १९३४ मधील खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले.

विश्रांतीचा कायदा : सव्वा महिन्याची विश्रांती रूढीने सांगितली असली, तरी मजुरीवर जगणाऱ्या स्त्रीस ती परवडत नसे. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्री-कामगारांच्या प्रसूतिविषयक परिस्थितीची पाहणी डॉ. एफ्. डी. बार्न्स यांनी केली व तिचा वृत्तांत १९२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबई विधिमंडळात १९२८ मध्ये प्रसूतिलाभ विधेयकाची चर्चा झाली असता आंबेडकरांनी त्याचा जोरदार पुरस्कार केला. १९२९ च्या कायद्याने प्रसूतीनंतर चार आठवडे गिरणीत काम करण्यास मनाई केली व त्या काळासाठी आर्थिक लाभ दिला. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने मनाईची मुदत सहा आठवडे केली आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ती कायम राखण्यात आली. सुश्रुतसंहितेतील दीड महिना, लोकाचारातील सव्वा महिना व कायद्यातील सहा आठवडे हे तीन भिन्न मार्गांनी आलेले कालखंड जवळजवळ एकच आहेत. यांपैकी कायद्याचाच आधार विटाळ हा नसून स्त्रीचा हक्क हा आहे.

आधुनिक संशोधन : गर्भाशयातील वारेची जागा व्रण न राहता कशी भरून येते, याचा उलगडा अमेरिकन प्रसूतितज्ज्ञ जॉन व्हिट्रिज विल्यम्स यांनी १९३१ मध्ये केला. कडेने व खालून नवे अस्तर वाढत जाते आणि वरचा मृत भाग सुटून पडतो, असे त्यांनी दाखविले. इतर ठिकाणचे अस्तर सु. सोळा दिवसांत पूर्ववत होते, तर वारेच्या जागेस सु. सहा आठवडे लागतात. जखम अशा रीतीने भरून आली नसती, तर प्रत्येक प्रसूतीने गर्भाशयात कायमचा व्रण उरला असता व पुढील गर्भधारणेस जागा कमी होत गेली असती. ज्याला ‘घाण रक्त’ म्हणून हिणविले गेले, तो स्राव म्हणजे या पुनर्घटनेचा दृश्य पुरावा होय.

जागतिक आरोग्य संघटनेने स्तनपान करणाऱ्या स्त्रियांसंबंधी केलेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नवी दिल्लीचा समावेश होता. तीत स्रावाचा मध्यक काळ २७ दिवस आढळला. मात्र दर दहा स्त्रियांमागे सुमारे एकीस तो चाळीस दिवसांहून अधिक टिकला. ठराविक दिवशी स्राव थांबलाच पाहिजे, असा नियम यावरून काढता येत नाही. दिवसांच्या मोजणीपेक्षा स्राव क्रमाने फिकट व कमी होत जातो की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे ठरते.

पुनरार्तव : अर्भक स्तनपान करीत असताना पोष ग्रंथीतून दुग्धजनक हॉर्मोन स्रवते व बीजकोशाचे कार्य मंदावते. त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस कित्येक महिने, क्वचित वर्षाहूनही अधिक काळ पाळी येत नाही. या काळात स्त्रीमदजनाचे प्रमाण कमी असल्याने योनिमार्ग कोरडा राहणे स्वाभाविक आहे. स्तनपान न करणाऱ्या स्त्रीस पाळी बहुधा सहा ते आठ आठवड्यांत येते. सुरुवातीच्या काही पाळ्या अनियमित, कमी वा अधिक प्रमाणात येऊ शकतात व पुढे त्या स्थिरावतात. बीजकोश कार्यरत झाल्यावर दोन पाळ्यांच्या मध्यास स्वच्छ, चिकट, गंधहीन श्लेष्मस्राव पुन्हा दिसू लागतो. तो आजार नव्हे.

पाळी आली नाही तोवर गर्भ राहत नाही, ही समजूत मात्र चुकीची आहे. बीजमोचन पाळीच्या आधी होत असल्याने पहिली पाळी येण्यापूर्वीच गर्भधारणा होऊ शकते. स्तनपान न करणाऱ्या स्त्रीत प्रसूतीनंतर चौथ्या आठवड्यातही बीजमोचन झाल्याचे आढळले आहे. इटलीतील बेलाजो येथे १९८८ मध्ये भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत याविषयी एकमत झाले. मूल केवळ अंगावरच्या दुधावर आहे, पाळी आलेली नाही आणि प्रसूतीस सहा महिने झालेले नाहीत, या तिन्ही अटी पूर्ण होत असतील तरच गर्भधारणेपासून सु. ९८ टक्के संरक्षण मिळते. यांपैकी एकही अट मोडली, तर अन्य उपाय योजणे आवश्यक ठरते.

धोक्याची लक्षणे : दर तासाला एक याप्रमाणे घड्या भिजणे, लिंबाएवढ्या वा त्याहून मोठ्या गाठी पडणे, फिकट झालेला स्राव पुन्हा भरपूर व लालभडक होणे व तो न थांबणे, स्रावास दुर्गंधी येणे, ३८° से. वा त्याहून अधिक ताप, ओटीपोटात वाढती वेदना, घेरी येणे ही लक्षणे रोगसूचक होत. अशा वेळी विलंब न करता रुग्णालयात जाणे अगत्याचे असते. ‘बाळंतिणीला असे व्हायचेच’ या समजुतीने वाट पाहणे प्राणघातक ठरू शकते.

गडचिरोलीतील पाहण्या : स्त्रियांच्या या तक्रारींचे खरे प्रमाण महाराष्ट्रातील एका आदिवासीबहुल जिल्ह्यातून प्रथम पुढे आले. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये द लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांत कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, पण त्यांपैकी जेमतेम ८ टक्के स्त्रियांचीच पूर्वी कधी तशी तपासणी झालेली होती. याच संस्थेने पुढे ३९ गावांतील ७७२ स्त्रियांचा प्रसूतीनंतर २८ दिवसांपर्यंत घरी जाऊन मागोवा घेतला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत प्रसूतीनंतरच्या काळात सु. ४३ टक्के स्त्रियांना काही ना काही आजार झाल्याचे दिसले. सु. १५ टक्के स्त्रियांत उशिराचा अतिरक्तस्राव व सु. १० टक्के स्त्रियांत जननमार्गाचा संसर्ग आढळला. रुग्णालयाच्या नोंदवहीत न येणारे हे दुखणे गावातील प्रशिक्षित आरोग्यसेविकेने घरी जाऊन विचारल्यामुळे कळले. या अनुभवावर आधारलेली घरोघरी नवजात अर्भक सेवा २०११ पासून देशभर सुरू झाली. तीत आशा कार्यकर्ती बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठराविक भेटी देते.

नवी मुंबईतील स्थिती : ठाणे व कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर सिडको या १९७० मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाने नवी मुंबईची उभारणी केली. १ जानेवारी १९९२ पासून तेथे महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. मूळचा आगरी-कोळी समाज, राज्याच्या सर्व भागांतून आलेली नोकरदार कुटुंबे, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कामगार व बांधकामावरील स्थलांतरित मजूर अशी येथील लोकवस्ती संमिश्र आहे. प्रसूती आता बहुतांशी रुग्णालयांतच होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रात हे प्रमाण ९४·७ टक्के होते, तर २०१८–२० या काळात राज्यातील मातामृत्यूचे प्रमाण दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत खाली आले.

तथापि रुग्णालयातील मुक्काम दोन-चार दिवसांचा आणि स्राव चार ते सहा आठवड्यांचा असतो. उरलेला काळ स्त्री घरीच काढते. सदनिकेत राहणाऱ्या विभक्त कुटुंबात तिला सव्वा महिन्याचा विटाळ पाळावा लागत नाही, हा लाभ खरा. पण जाणत्या स्त्रीची सोबतही तिच्यापाशी बहुधा नसते. बांधकामावरील मजूर वा घरकाम करणाऱ्या स्त्रीस कायद्यातील सहा आठवड्यांची विश्रांती प्रत्यक्षात दुर्मिळच असते. उशिराचा रक्तस्राव व संसर्ग हे दोन्ही धोके नेमके याच काळात उद्भवतात व त्यांचे पहिले चिन्ह वैद्यास नव्हे, तर त्या स्त्रीलाच दिसते. ते ओळखण्याचे ज्ञान दीर्घकाळ सुईणीपाशी, नंतर वैद्यापाशी राहिले. ते स्वतः बाळंतिणीस तिच्या भाषेत व संकोचाविना मिळणे, हा या इतिहासातील अद्याप अपुरा राहिलेला टप्पा होय.